रिलीज स्क्रिप्ट वाढवायची की आहे तशी ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांच्या संगणक लॅबसाठी तुम्ही चौघं मिळून डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारलेली इमेज (पेनड्राइव्हवर लिहायची तयार प्रणाली) बनवता. वर्षातून दोनदा ती निघते, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीत. ती बनवणारी शेल स्क्रिप्ट सव्वादोनशे ओळींची आहे आणि वरून खाली सरळ वाचता येते. आत लाइव्ह-बिल्ड, म्हणजे डेबियनच्या अशा इमेज बांधणारं साधन, वापरलंय. आता तुमच्यातल्या एकाला तिच्यात पाच गोष्टी घालायच्या आहेत: ३२ आणि ६४ बिटचा पर्याय, भाषेप्रमाणे वेगवेगळी इमेज, लाईट गेल्यावर बिल्ड थांबलं तिथून पुढे सुरू करणं, एकाच वेळी अनेक बिल्ड, आणि हे सगळं ठरवणारी कॉन्फिग फाइल. स्क्रिप्ट सहाशे ओळींवर जाईल असा त्याचाच अंदाज आहे. दुसरा म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नका.

माझा कौल आधी सांगतो. पाचांपैकी तीन गोष्टी नकोत. एक तुमच्याकडे आधीपासूनच आहे आणि रिलीजच्या दिवशी ती वापरायची नाही. कॉन्फिग फाइल घ्या, पण अगदी छोटी. आणि कोणीच मागितलेल्या नाहीत अशा वीस-तीस ओळी या आठवड्यात घाला.

आता कारणं. स्क्रिप्टमधली एखादी ओळ ठेवायची की नाही हे ठरवताना मी ओळी मोजत नाही. ती ओळ किती वेळा चालते, ते बघतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर दुकानदार दुपारपर्यंत फोन करतो. रिलीज स्क्रिप्ट जूनमध्ये चालते आणि मग थेट दिवाळीत. मधल्या काळात पॅकेजं बदलतात, टूलची आवृत्ती बदलते, मिरर (पॅकेजं उतरवायचा सर्व्हर) बदलतो. पाच महिने न चाललेली ओळ बिघडलेली आहे असंच धरून चालावं. सरळ स्क्रिप्टमध्ये निदान प्रत्येक ओळ प्रत्येक वेळी चालते, त्यामुळे काय मोडलंय ते लगेच समोर येतं. पर्याय घातला की त्याची एक बाजू अंधारात जाते. दोन आर्किटेक्चर, चार भाषा, पुढे सुरू करायचं की नाही, समांतर की एकेक: झाली ३२ जुळण्या. त्यातल्या तुम्ही खरोखर चालवणार दोन-तीन. उरलेल्यांपैकी एखादी कोणाला लागेल ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेतून फोनवर फोन येत असताना.

म्हणून रोज रात्री आपोआप चालणारी गुंतागुंत मला चालते, वर्षातून दोनदा चालणारी चालत नाही.

पण ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याच्या बाजूनेही मी पूर्णपणे नाही. कमी ओळी म्हणजे सोपं, असं तो धरून चाललाय. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी ठेवून बघा. ओपनबीएसडीची आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी निघते आणि ती कशी बांधायची ते एका मॅन्युअल पानावर लिहिलेलं आहे: कर्नल बांधा, त्यावर मशीन पुन्हा सुरू करा, मूळ प्रणाली बांधा, दोन डिरेक्टरींची नावं देऊन ‘मेक रिलीज’ चालवा, मग एक्स विंडोचा, म्हणजे ग्राफिकल पडद्याचा भाग. सगळ्याला गुंडाळणारी भलीमोठी स्क्रिप्ट नाही. प्रत्येक आर्किटेक्चरचं बिल्ड त्याच जातीच्या मशीनवर होतं. हे हट्टाने केलं जातं, कारण जे मशीन स्वतःला पूर्ण बांधून काढतं, त्याची चाचणी त्यातच होऊन जाते. किंमत अशी की ती सगळी जुनी-नवी मशीनं जिवंत ठेवावी लागतात आणि ते पान समजणारा माणूस लागतो.

नेटबीएसडीने बरोबर उलटा रस्ता धरला. २००१ पासून त्यांच्याकडे ‘बिल्ड.एसएच’ आहे, आज दोन हजारांहून जास्त ओळींची शेल स्क्रिप्ट. ती लिनक्सवर चालते, मॅकवर चालते. आधी स्वतःचं कंपायलर आणि हत्यारं बांधते, मग त्यांनी दुसऱ्याच प्रोसेसरची पूर्ण प्रणाली बांधते, आणि तेही रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) न होता. फाइलचा मालक कोण, परवानग्या कोणत्या, हे ती एका साध्या मजकुराच्या यादीत नोंदवते आणि शेवटी त्या यादीवरून इमेज बनते. एवढी मोठी स्क्रिप्ट मला तुमच्या मित्राच्या सहाशे ओळींपेक्षा कमी धोक्याची वाटते, कारण नेटबीएसडीचे डेव्हलपर रोजच्या कामाला तीच वापरतात. रिलीजसाठी वेगळा रस्ताच नाही. शिवाय त्या ओळींनी काहीतरी ठोस विकत घेतलंय: बिल्ड चालवणारं यजमान मशीन कोणतं आहे याची पर्वा उरली नाही.

तुमच्या सव्वादोनशे ओळी सोप्या का दिसतात, हेही एकदा तपासा. स्क्रिप्ट चालवण्याआधी अमुक डिस्क माउंट करायची, तमुक की आयात करायची, मागच्या वेळचं फोल्डर हाताने उडवायचं, हे तुमच्यापैकी कोणा एकालाच पाठ असेल तर ती गुंतागुंत गेलेली नाही, त्याच्या डोक्यात बसलीय. आणि आपल्याकडे कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं कुठे जातात ते सांगायला नको. तो एक दिवस हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघून जाईल आणि त्या पायऱ्याही त्याच्याबरोबर जातील. अशी प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये आलीच पाहिजे, ओळी वाढल्या तरी.

आता एकेक मागणी.

भाषा. मागणीमागचं कारण मला पटतं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. पण त्यासाठी चार इमेज कशाला? निवड बिल्डच्या वेळी न करता लॉगिनच्या वेळी करू द्या. चारही लोकेल (भाषेच्या सेटिंग) एकाच इमेजमध्ये तयार ठेवा. लोहित मालिकेतले देवनागरी, कन्नड, तेलुगूचे फॉन्ट इतके लहान आहेत की आजच्या पेनड्राइव्हवर त्यांचा हिशोबही करायला नको. उर्दूसाठी नोटोचा नस्तालीक फॉन्ट न विसरता घाला. तो नसेल तर मजकूर नस्ख वळणात दिसतो. वाचता येतो, पण उर्दू शाळेतल्या शिक्षकांना तो परका वाटतो आणि पहिली तक्रार तीच येते. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक चारांतल्या तीन भाषांसाठी आहेच. हे सगळं लाइव्ह-बिल्डच्या पॅकेज यादीच्या फाइलमध्ये जातं, स्क्रिप्टमध्ये एकही ‘इफ’ लागत नाही. यादीत दहा नावं वाढली तरी स्क्रिप्ट तेवढीच राहते. वर एकाच लॅबमध्ये सकाळी एका माध्यमाची आणि दुपारी दुसऱ्या माध्यमाची मुलं बसत असतील तर चार वेगळ्या इमेजचा त्यांना उपयोगच नाही.

३२ बिट. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिट इंटेलसाठी ना कर्नल आहे ना इन्स्टॉलर. म्हणजे तुमचा मित्र ज्याला एक पर्याय समजतोय तो खरं तर वेगळा पाया आहे: एकीकडे डेबियन १३, दुसरीकडे डेबियन १२. पॅकेजांची नावं वेगळी, आवृत्त्या वेगळ्या, आणि हे अंतर वाढतच जाणार. अशा वेळी आजच्या स्क्रिप्टची सरळ नक्कल करून गिटमध्ये वेगळी शाखा करा, तिला डेबियन १२ वर गोठवा आणि सुरक्षा दुरुस्त्यांपलीकडे तिच्यात काही बदलू नका. एकच कोड दोनदा लिहू नये असं कॉलेजात शिकवतात, ते खरंच आहे. पण ज्या दोन वाटा पुन्हा कधीच एकत्र येणार नाहीत त्यांना एका स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याआधी एक काम करा. लॅबमधली ‘३२ बिट’ मशीनं खरोखर ३२ बिट आहेत का ते बघा. कोअर टू ड्युओपासूनचे बहुतेक प्रोसेसर ६४ बिटचेच आहेत. त्यावर कोणीतरी कधीकाळी ३२ बिट विंडोज टाकलेलं असतं आणि मशीनला तेच नाव चिकटतं. ‘एलएससीपीयू’ ही कमांड चालवली की कळतं. बहुतेक ठिकाणी खरी अडचण रॅमची निघेल, आणि तिचं उत्तर हलक्या डेस्कटॉपमध्ये आहे.

थांबलेलं बिल्ड पुढे सुरू करणं. पाचांतली सर्वांत धोक्याची मागणी ही. दुर्दैवाने हीच सगळ्यांना सर्वांत वाजवी वाटते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना लाईट जाते, दोन तासांचं काम वाया जातं, संताप येतो, सगळं मान्य. पण लाइव्ह-बिल्ड हे आधीच करतं. प्रत्येक टप्पा पूर्ण झाला की ते ‘.बिल्ड’ नावाच्या लपलेल्या डिरेक्टरीत त्या टप्प्याची खूण ठेवतं आणि पुढच्या वेळी तो टप्पा सोडून देतं. तुम्ही त्याच्यावर आणखी एक थर चढवायला निघाला आहात.

धोका कुठे आहे? खूण सांगते की टप्पा संपला. त्या टप्प्यात लिहिलेली प्रत्येक फाइल डिस्कवर शेवटपर्यंत उतरली का, हे ती सांगत नाही. पॅकेजं उलगडून खूण पडताच लाईट गेली तर एखादी फाइल शून्य बाइटची राहू शकते. पुढच्या वेळी स्क्रिप्ट खुणा बघते, पुढे जाते, इमेज तयार होते, बूटही होते. आणि मंगळवेढ्याच्या एखाद्या शाळेत पंधरा दिवसांनी लिबरऑफिस उघडत नाही. तिथून मागे येत येत मेमधल्या त्या लाईटपर्यंत कोण पोचणार आहे?

तेव्हा नियम असा ठेवा: घरी प्रयोग करताना खुणा खुशाल वापरा, रिलीज मात्र नेहमी कोऱ्यापासून. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच दोन ओळी घाला: ‘.बिल्ड’ डिरेक्टरी दिसली तर कारण छापून थांब. लाइव्ह-बिल्डच्या ‘क्लीन’ला ‘पर्ज’ जोडलं की पॅकेजांचा साठाही जातो आणि खरोखर कोरी पाटी मिळते. वेळ मुख्यतः डाउनलोडमध्ये जातो, म्हणून दुसऱ्या एखाद्या मशीनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा. पॅकेजं एकदाच उतरतील, पुढची बिल्डं घरच्या नेटवर्कवरून. ही गुंतागुंत मला मान्य आहे, कारण ती वेगळ्या प्रोग्रॅममध्ये आहे, जगभर रोज वापरली जाते आणि बिघडली तर इमेज चुकीची होत नाही, बिल्ड थांबतं. आणि मुळात लाईट जाण्याचं उत्तर इन्व्हर्टर आहे, शेल स्क्रिप्ट नव्हे.

समांतर बिल्ड: इमेज एकच उरल्यावर हा प्रश्न उरत नाही.

कॉन्फिग फाइलसाठी त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीची ‘रिलीज.एसएच’ वाचा. ती चेंज-रूट (आतल्या प्रोग्रॅमना तेच पूर्ण मशीन वाटेल असं फोल्डर) तयार करते, त्यात सोर्स आणते, तिथे प्रणाली बांधते आणि मग आतून ‘मेक रिलीज’ला हाक मारते. कॉन्फिग म्हणजे शेलचीच साधी फाइल, नाव बरोबर किंमत, दुसरं काही नाही. सगळं काम नाव दिलेल्या फंक्शनमध्ये विभागलेलं आणि तळाशी ती फंक्शनं एकामागून एक बोलावलेली. तळ वाचला की अनुक्रम कळतो. तुमच्या फाइलमध्ये आवृत्तीचं नाव, मिररचा पत्ता, इमेज कुठे ठेवायची, एवढ्यापुरत्या पाच-सहा ओळी पुरेत. यॅमल वगैरे वेगळे फॉरमॅट आणू नका.

फ्रीबीएसडीचंच आणखी एक उदाहरण, कारण वाढलेल्या गोष्टी काढत कोणी नाही. त्यांच्या जुन्या आवृत्त्यांत मूळ प्रणाली ‘बेस.एए’, ‘बेस.एबी’ अशा बारीक तुकड्यांत असायची, कारण एकेक तुकडा फ्लॉपीवर मावायला हवा. सीडी आल्या, डीव्हीडी आल्या, इंटरनेटवरून इन्स्टॉल करणं सर्रास झालं, तरी तुकडे पाडणं आणि जोडणं चालूच होतं. जानेवारी २०१२ च्या ९.० आवृत्तीत नवा इन्स्टॉलर आला तेव्हा कुठे त्याची जागा एकसंध ‘बेस.टीएक्सझेड’ने घेतली. तुमच्या मित्राला विचारा की या पाच गोष्टी पुढे कधी काढायच्या हे कोण ठरवेल.

आता घालायच्या ओळी.

पहिली जागा जिथे काही पुसलं जातं ती. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या ॲपच्या स्क्रिप्टमुळे लोकांचे होम फोल्डर उडाल्याचं उघड झालं. स्क्रिप्ट स्वतःच्या फोल्डरचा पत्ता काढून एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि पुढे ‘आरएम -आरएफ’ या सगळं पुसणाऱ्या कमांडला तो पत्ता, तिरकी रेघ आणि तारा द्यायची. पत्ता काढणं फसलं, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि उरली फक्त तिरकी रेघ आणि तारा, म्हणजे मशीनवरचं सगळं. लिहिणाऱ्याने त्या ओळीवर ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टिप्पणीही लिहून ठेवली होती! पुष्कळांना वाटतं ‘सेट -यू’ने हे टळलं असतं. नाही टळलं असतं. ‘सेट -यू’ न ठरवलेलं व्हेरिएबल पकडतो; इथे व्हेरिएबल ठरवलेलं होतं, फक्त रिकामं. त्यासाठी व्हेरिएबलच्या नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह जोडायचं, म्हणजे रिकामं असेल तरीही स्क्रिप्ट तिथेच थांबते. तुमच्या प्रत्येक ‘आरएम’ ओळीत हे हवं.

चेंज-रूटमध्ये तुम्ही ‘डेव्ह’ आणि ‘प्रॉक’ ही यजमान मशीनची खास फोल्डरं माउंट करता. बिल्ड मध्येच मेलं तर ते तसेच राहतात आणि पुढच्या वेळी पुसायला गेलात की पुसणं यजमान मशीनपर्यंत पोचतं. ‘ट्रॅप’ (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी ओळ) लावून बाहेर पडताना अनमाउंट करा आणि ‘आरएम’ला एकाच फाइल सिस्टिमपुरतं राहायचा पर्याय द्या. चार-पाच ओळींचं काम आहे.

दुसरी जागा लॉग. तुमच्या स्क्रिप्टमध्ये बिल्डचं आउटपुट पाइपने ‘टी’कडे (पडद्यावर आणि फाइलमध्ये एकदमच लिहिणारी कमांड) गेलेलं असणार, बहुतेक सगळ्यांच्या स्क्रिप्टमध्ये असतं. पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. बिल्ड फसलं आणि ‘टी’ने लॉग नीट लिहिला, तर शेलच्या लेखी सगळं उत्तम, आणि चूक होताच स्क्रिप्ट थांबवणारा ‘सेट -ई’ गप्प. पाइपमधली कुठलीही चूक पकडणारा ‘पाइपफेल’ पर्याय शेलच्या पॉझिक्स मानकात २०२४ मध्ये आला, पण डेबियनचं साधं शेल म्हणजे डॅश, २०११ च्या डेबियन ६ पासून, आणि बॅशमधल्या सवयी तिथे चालतील असं धरू नका. सोपा मार्ग: आउटपुट थेट फाइलमध्ये वळवा आणि दुसऱ्या खिडकीत ‘टेल -एफ’ लावून बघत बसा. ‘सेट -ई’बद्दल आणखी एक: एखादं फंक्शन ‘इफ’च्या अटीत बोलावलं तर त्या फंक्शनच्या आत ‘सेट -ई’ लागूच होत नाही. अटी वाढवल्या की ही भोकं वाढतात. मित्राच्या सहाशे ओळींची मला खरी धास्ती वाटते ती इथे.

तिसरी गोष्ट थोडी मोठी आहे, पण तिच्यावर खर्च करा. पॅकेजं रोजच्या मिररवरून न घेता डेबियनच्या स्नॅपशॉट सेवेवरून एका ठरावीक तारखेची घ्या आणि ‘सोर्स डेट इपॉक’ हे व्हेरिएबल ठरवून द्या, म्हणजे फाइलींवर बिल्डच्या क्षणाची वेळ उमटत नाही. इमेज बांधणारी ‘एमके-स्क्वॉश-एफएस’ आणि ‘झोरिसो’ दोन्ही ते मानतात. एवढं जमलं की दोन वेगळ्या मशीनवर बनवलेल्या इमेजचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तपासणीची बेरीज) तंतोतंत जुळायला हवा. पहिल्या प्रयत्नात जुळणार नाही. कुठल्या तरी हुकमध्ये (बिल्डदरम्यान चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये) तारीख किंवा यादृच्छिक क्रमांक निघेल. दोन फाइलींतला फरक दाखवणारं ‘डिफोस्कोप’ लावून एकेक शोधा.

हे शाळांच्या इमेजला फार होतंय असं वाटेल. २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्याला सुरू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. तो फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होता, बिल्डच्या त्या लांबलचक मॅक्रो फाइलींमध्ये ज्या कोणीच वाचत नाही. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद का झालं याची शंका आली म्हणून ते सापडलं. तुमच्या स्क्रिप्टवर असा हल्ला कोणी करणार नाही. पण चौघांपैकी तिघांनी न वाचलेली स्क्रिप्ट शेकडो मुलांच्या मशीनवर काय ठेवते, हे तपासायला दोन जुळणाऱ्या बेरजांपेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

पेनड्राइव्ह लिहून झाल्यावर तो परत वाचून मूळ इमेजशी ताडून बघणारी ओळही घाला. आषाढीच्या गर्दीत एसटीने पंढरपूरला पाठवलेला पेनड्राइव्ह खराब निघाला तर दुसरा पोचायला आठवडा जातो.

आता त्या मित्राचं काय करायचं. त्याला नाही म्हणू नका. त्याने मोठी स्क्रिप्ट वेगळ्या शाखेत लिहावी आणि कॉलेजच्या एखाद्या रिकाम्या मशीनवर दोन्ही स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनने लावाव्यात, तारीख तीच, पॅकेजं तीच. सकाळी दोन्ही इमेजच्या बेरजा शेजारी बघायच्या. ज्या दिवशी त्या वेगळ्या येतील त्या दिवशी कारण त्याने शोधायचं आणि ते कारण तुमच्यातल्या सर्वांत नवख्या माणसाला समजावून सांगायचं. जूनची इमेज सध्याच्या स्क्रिप्टनेच काढा, आणि ती चालवायला त्या नवख्यालाच बसवा, बाकी तिघांनी कीबोर्डला हात न लावता. दिवाळीपर्यंत मोठीच्या बेरजा सलग जुळत राहिल्या, तर तिच्यातला कोणता भाग घ्यायचा ते तेव्हा बोलू.